शिमग्याचा कोंबडा आधी आणून ठेवावा का?

पनवेलजवळच्या सुकापूरहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

माघ सरत आला की आमच्या बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. शिमग्याचा कोंबडा आत्ताच आणून ठेवावा का? आषाढात हाच प्रश्न गटारीसाठी येतो. पूर्वी यामागे फक्त भावाची काळजी असायची. धुळवडीच्या आदल्या दिवशी विकणारा मागेल तो भाव द्यावा लागतो, म्हणून दोन-तीन आठवडे आधी कोंबडा आणायचा, कण्या-कोंडा घालून जरा भरवायचा आणि सणाला कापायचा. आता त्यात दुसरी काळजी मिसळली आहे. कुठून तरी बर्ड फ्लूची बातमी येते. एक जण म्हणते, विक्री बंद होईल, आजच घेऊन ठेवा. दुसरी म्हणते, यंदा कोंबडीचं नावच नको. म्हणजे घेणारीला घाई आणि विकणारीच्या पोटात गोळा. या घाईचा इतिहास आज सांगायचा आहे. तो आपल्याच परसातून जातो.

आता सुकापूर म्हटलं की लोकांना माथेरान रोडवरच्या इमारती आठवतात. पण गाढी नदीच्या या पट्ट्यात भातशेती होती, आणि भात होतं तिथे कोंबडी होती. कांडपातून निघालेला कोंडा, कण्या, खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे यांवर ती जगायची. तिला विकतचं काही लागत नव्हतं, म्हणूनच ती बाईची राहिली. सातबारा पुरुषाच्या नावावर, बैल त्याचे, भाताचा पैसा त्याच्या हातात. खुराड्यात काय आहे हे मात्र कोणी विचारत नसे. अंडी विकून मीठमिरची यायची, पोरीच्या बांगड्या यायच्या, दवाखान्यात जायचं भाडं निघायचं. कोंबडी वाट्याने द्यायची रीतही होती. एकीने तलंग द्यायची, दुसरीने ती वाढवायची, पिल्लं निम्मी निम्मी. जिच्याकडे काहीच नाही अशा बाईलाही त्यातून सुरुवात करता येई, आणि देणारीचंही काही जात नसे. बचत गट फार नंतर आले. आमच्या मते वाट्याची कोंबडी हीच बायकांची पहिली बिनव्याजी उधारी.

त्या कोंबडीला भाव यायचा तो सणाला. आपलं वर्षच तसं आहे. श्रावणात वर्ज्य, मार्गशीर्षातल्या गुरुवारी वर्ज्य, आणि मग वर्ज्य सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यावर एकदम मागणी. आषाढ अवसेची गटारी त्यातलीच. जाणकार सांगतात की मूळ शब्द ‘गतहारी’, पण आमच्या गल्लीत ते कोणाला पटत नाही, असो. शिमगा आहे, कोकणातल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य आहे, गावदेवीचा मान आहे, शेताची राखण आहे. जावई आला तर वेगळंच. हे सगळे दिवस आधीपासून ठाऊक असतात. म्हणून सणाचा कोंबडा आधी ठरवणं यात नवं काही नाही.

पण ‘आधी ठरवणं’ आणि ‘आधी आणणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या बायका बहुतेक वेळा ठरवायच्या. शेजारच्या आळीतल्या मावशीला सांगून ठेवायचं, ‘तो तांबडा माझा’. हातावर थोडे पैसे टेकवायचे किंवा पायली-अधोली भात द्यायचं. मावशी कोंबड्याच्या पायाला चिंधी बांधून टाकायची. कोंबडा सणापर्यंत मावशीच्याच अंगणात आरवायचा आणि आदल्या संध्याकाळी हातात यायचा. मधल्या काळात तो मेला तर दुसरा द्यायचा, हे न बोलता ठरलेलं. यात कोंबडा कुठे वाढला, काय खाल्लं, त्याच्या खुराड्यात कोणाला मर लागली का, हे सगळं घेणारीला दिसत असे. या जुन्या रीतीचं मोल आम्हाला पुढचा इतिहास वाचल्यावर कळलं.

कोंबड्यांची मर आपल्या आज्यांना नवी नव्हती. सकाळी खुराडं उघडावं तर चार-पाच आडव्या, दोन दिवसांत अंगण रिकामं. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळ अशा मरीची नीट नोंद झाली. त्यानंतर लगेच ती आपल्याकडे, कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावी ओळखली गेली. जग तिला न्यूकॅसलचा रोग म्हणतं, आपण राणीखेत म्हणतो. मराठीत तिला आणखी एक नाव आहे, मानमोडी. या रोगात कोंबडीची मान पिळवटते, डोकं पाठीकडे वळतं, ती गोल गोल फिरते, म्हणून मानमोडी.

हे नाव मात्र आधी माणसांच्या साथीचंही होतं. १९१८ साली महायुद्धाच्या शेवटी मुंबई बंदरातून इन्फ्लूएंझाचा ताप आला आणि गावोगाव पसरला. आपल्याकडे लोक त्याला मानमोडीची साथ म्हणत. हिंदुस्थानात त्यात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि इथे पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. आजाऱ्याची सेवा करणारी तीच, आणि घरात सर्वांत शेवटी, उरलंसुरलं खाणारीही तीच. त्या तापाचा विषाणू मूळ पक्ष्यांकडून आला असावा असं आज शास्त्रज्ञ मानतात. त्या काळच्या माणसांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी माणसाच्या आणि कोंबडीच्या आजाराला एकच नाव पडलं, हे आम्हाला चमत्कारिक वाटतं.

राणीखेतवर उपाय निघाला. त्याच कुमाऊंत, मुक्तेश्वरला, जनावरांच्या रोगांवर काम करणारी सरकारी संस्था होती. तिथे १९४० च्या दशकात लस तयार झाली. आजही दोन महिन्यांच्या आसपासच्या कोंबडीला टोचतात ती ‘आर-टू-बी’ लस त्याच घराण्यातली. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालतात ती ‘लासोटा’. मग आपल्या परसातल्या कोंबड्या अजूनही राणीखेतने का मरतात? लस महाग नाही. अडचण बाटलीची आहे. एका बाटलीत शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची लस असते, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. जिच्याकडे सात कोंबड्या आहेत ती शंभरांची बाटली कशाला उघडेल? ही लस मोठ्या शेडसाठी सोयीची आहे. आळीतल्या पंधरा-वीस घरांनी एका पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, मिळून टोचून घेतल्या तरच ती आपल्या कामाची.

मोठ्या शेडचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकू. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी शेतकऱ्यांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. चाळीसेक दिवसांत दोन किलोची होणारी बॉयलर कोंबडी गावोगाव गेली. पनवेल, खालापूर, कर्जतला मुंबई जवळ, म्हणून इथे शेड झाल्या. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, शेडवाला वाढवतो, किलोमागे पैसे घेतो. सणाच्या मागणीचा हिशेब कंपनी दीड महिना आधीच करून पिल्लं सोडते. म्हणजे सणाची कोंबडी आधी ठरवायचं जे काम मावशी करायची, ते आता कंपनी करते. कोंबडी स्वस्त झाली हे खरंच, गरिबाच्या ताटात आली. पण एका छपराखाली पाच-दहा हजार कोंबड्या आल्या, आणि त्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्या गावागावांतून फिरू लागल्या.

आता २००६. नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातला तालुका. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. भोवती मोठमोठी पोल्ट्री. जानेवारीच्या अखेरीपासून तिथे कोंबड्या मरू लागल्या. बरेच जण म्हणाले, राणीखेत आहे, दरवर्षीचंच. नुसतं बघून कोणालाही तसंच वाटलं असतं, कारण राणीखेत आणि बर्ड फ्लू अंगणात सारखेच दिसतात. तुरा निळाजांभळा पडणं, तोंड सुजणं, हिरवट हगवण, माना टाकणं, एकदम मरणं. फरक कळतो तो प्रयोगशाळेत. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की हा एच५एन१, बर्ड फ्लू आहे. भारतातला पहिला. मधले तीन आठवडे असेच गेले होते.

मग पांढऱ्या पोशाखातली पथकं आली. नवापूर परिसरात अडीच लाखांच्या आसपास कोंबड्या मारून पुरल्या, लाखो अंडी नष्ट केली. त्यात शेडमधल्या होत्या तशा आदिवासी पाड्यांवरच्या, चार-पाच कोंबड्यांच्या खुराड्यातल्याही होत्या. ज्या घरात रोग नव्हता तिथल्याही गेल्या, कारण नियम अंतराचा होता. त्या वर्षी होळी १४ मार्चला होती. ऐन त्याच दिवसांत जळगाव जिल्ह्यातल्या गावांत रोग सापडला, आणि तिथे तर तो घरगुती, परसातल्या कोंबड्यांत होता. सगळ्या राज्यात त्या शिमग्याला चिकनची दुकानं ओस पडली. कोंबडीचा भाव मातीमोल झाला.

पंधरा वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि पुन्हा बर्ड फ्लू निघाला. फेब्रुवारीत नवापुरातही तो परत आला. २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक पक्षी मेले आणि मग आसपासचे हजारो मारावे लागले. आणि २०२५ च्या जानेवारीत तो आमच्या रायगडात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला पोचला. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर. २५ सप्टेंबरला जिथे गोळीबार झाला आणि आगरी-कातकरी माणसांनी प्राण दिले ते गाव. नवापूर आम्हाला पेपरातलं होतं. चिरनेरला आमच्या माहेरवाशिणी आहेत.

महिने बघितलेत ना? जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. थंडीत हा रोग जास्त उठतो आणि आपला शिमगा नेमका त्याच्या शेपटीला येतो. उरणच्या पाणथळीत त्याच दिवसांत परदेशी पाखरं उतरतात, म्हणून पाखरांकडे बोट दाखवणं सोपं असतं. पाणपक्षी हा विषाणू वाहतात हे खरं आहे. पण एका गावातून दुसऱ्या गावात, एका खुराड्यातून दुसऱ्यात तो पाखरांइतकाच, किंबहुना जास्त, जाळीच्या टेम्पोने, पिंजऱ्याने, खाद्याच्या गोणीने, माणसाच्या चपलेने जातो. आणि सणाच्या आधी हे टेम्पो सर्वांत जास्त फिरतात.

सणाची मागणी आणि हा रोग यांची गाठ फक्त आपल्याकडेच पडत नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा विषाणू कोंबड्यांवरून माणसांत आला. १८ जणांना लागण झाली, सहा जण मेले. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी होतं, आणि त्या सणाला घरोघरी जिवंत कोंबडी आणायची तिकडची रीत. सरकारने डिसेंबरच्या शेवटी शहरातल्या झाडून सगळ्या, तेरा-पंधरा लाख कोंबड्या मारल्या. पुढे तिथल्या बाजारांना नियम आला की महिन्यातून ठरावीक दिवशी सगळे पिंजरे रिकामे करून धुवायचे. त्यानंतर काही वर्षांनी, जिवंत कोंबडी रात्रभर बाजारात ठेवायचीच नाही असं ठरलं. कारण आज आलेल्या कोंबडीचा रोग कालच्या उरलेल्या कोंबडीला लागतो आणि उद्या येणारीलाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिथे नाताळाला टर्की नावाचा मोठा पक्षी लागतो. २०२२ साली बर्ड फ्लूने मोकळ्यावर वाढवलेल्या टर्कींपैकी निम्म्याच्या आसपास गेले. सरकारने पाळणाऱ्यांना परवानगी दिली की पक्षी लवकर कापा, गोठवून ठेवा आणि नाताळाच्या तोंडावर विका. लोकांनीही आधी मागणी नोंदवली. तेही ‘आधी घेणं’च झालं. पण त्यांचं आधी घेतलेलं शीतपेटीत जातं. आपण आधी घेतो ते जिवंत असतं आणि आपल्या खुराड्यात जातं. घोळ इथे आहे. तिकडची ‘लवकर खरेदी करा’ ही बातमी आपल्या फोनवर येते आणि आपण ती जशीच्या तशी उचलतो.

काय होतं ते सांगतो. टेम्पोतला किंवा बाजारातला कोंबडा विकत घेताना ठणठणीत दिसतो. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत काही दिवस जातात. त्या दिवसांत तो आपल्या कोंबड्यांबरोबर एका टोपात पाणी पितो, एका उकिरड्यावर चरतो. मग तो मरतो आणि त्याच्यामागे अंगणही जातं. बहुतेक वेळा ती राणीखेतच असते, बर्ड फ्लू क्वचित. पण आपल्या दहा कोंबड्या गेल्या त्या गेल्याच. आमच्या गटातल्या एका मावशींच्या सासूबाई म्हणायच्या, परकी कोंबडी आणि परकी भांडणं घरात आणू नयेत. भांडणांचं आम्ही सांगू शकत नाही, कोंबडीचं त्यांचं बरोबर होतं.

आणि एक वाईट खोड जुनीच आहे. खुराड्यात मर लागली की उरलेल्या पटापट स्वस्तात काढायच्या. सणाच्या आधी तर गिऱ्हाईक तयारच असतं. म्हणून आठशेचा गावठी कोंबडा कोणी तीनशेला देत असेल तर आनंदाने पिशवी उघडण्याआधी विचारा, एवढा स्वस्त का? शिवाय गावठी म्हणून रंगीत संकरित कोंबडेही सर्रास खपवले जातात, पण तो वेगळा विषय. विकणारीलाही आमचं सांगणं आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपणच पोरांना शिकवतो.

लपवण्याचं कारण मात्र आम्हाला समजतं, आणि ते पैशाचं आहे. बर्ड फ्लूमुळे सरकारने कोंबडी मारली तर भरपाई मिळते, निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. २०२१ साली महाराष्ट्रात जाहीर झालेले दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०, सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला ७०, त्याखाली २०, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२. शेडवाल्याच्या बॉयलरला ७० रुपये म्हणजे त्याच्या खर्चाच्या कुठे तरी जवळपास. आपल्या परसातल्या कोंबड्याला सणात पाचशेच्या खाली कोणी मागत नाही, त्यालाही तेवढेच. खुडूक बसून वर्षात तीन वेळा पिल्लं काढणारी कोंबडी आणि पिंजऱ्यातली कोंबडी एका मापाने मोजल्या गेल्या. हे मोजमाप बदलायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे, आणि ग्रामसभेत ते बोलायला हवं. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं होती, त्यातली ३१ कोटींहून जास्त परसातली. ही काही चिल्लर नव्हे.

पण याच भरपाईत एक गोष्ट लपवणाऱ्यांच्या विरुद्ध जाते. पैसे मिळतात ते सरकारने मारलेल्या पक्ष्याचे. आधीच मेलेल्याचे नाहीत. म्हणजे तुम्ही आठ दिवस गप्प बसलात आणि पंधरातल्या बारा मेल्या, तर पंचनामा तिघींचाच होणार. २००९ चा केंद्राचा कायदाही आहे, जनावरांचा असा रोग दिसला तर कळवणं पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे. एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या की सरपंच, ग्रामसेवक किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना यांना सांगायचं, नाहीतर १९६२ हा नंबर लावायचा. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकायची नाही, कुत्र्याला द्यायची नाही, तिला उघड्या हाताने धरायचं नाही.

खाण्याबद्दलची भीती दोन वाक्यांत संपवतो. आपण रस्सा उकळतो, मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवतो, त्यात हा विषाणू टिकत नाही. ७० अंशांच्या वर तो मरतो. धोका आहे तो आजारी कोंबडी धरताना, कापताना, पिसं काढताना, आणि कच्चं मांस तोंडात गेलं तर. २०२५ साली आंध्रातल्या नरसरावपेटला दोन वर्षांची मुलगी बर्ड फ्लूने गेली. तिला कच्च्या कोंबडीचा तुकडा खायला दिला होता असं तपासात आलं. चिकन साफ करताना बाजूला घुटमळणाऱ्या पोराच्या हातात काही देऊ नका. आणि हे पिसं काढायचं काम घरात कोण करतं ते तुम्हाला माहीतच आहे. नाकातोंडावर पदर घट्ट बांधा, हात साबणाने धुवा, कापायची पाटी वेगळी ठेवा.

तर मग शिमग्याचा कोंबडा? आमच्या गटात यंदा चिंधीची रीत परत धरली आहे. कोणाकडे किती कोंबडे विकायचे आहेत ते एका वहीत लिहिलं. घेणारीने निम्मे पैसे दिले, कोंबडा पाळणारीच्याच अंगणात राहिला. भाव आजच ठरला, म्हणून होळीच्या आदल्या दिवशी वाढणार नाही. मधे कोंबडा मेला किंवा आसपास रोग निघून विक्री थांबली तर पैसे परत, आणि तो तोटा एकटीवर पडू नये म्हणून गटाच्या बचतीतून निम्मा भरायचा असं ठरलंय. यावर आमच्यात थोडी वादावादी झाली, दोघींचं म्हणणं होतं की तोटा जिचा तिने सोसावा. शेवटी निम्म्यावर तोडगा निघाला.

ज्यांना बाहेरून आणावाच लागतो, कारण सगळ्यांच्या ओळखीत मावशी नसते, त्यांनी तो सणाच्या आदल्या दिवशीच आणावा आणि थेट चुलीकडे न्यावा, खुराड्याकडे नाही. पाळायलाच आणला असेल तर दोन-तीन आठवडे वेगळा डालून ठेवायचा. आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, मग त्याला. त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं. चप्पल खुराड्याबाहेर काढायची.

आणि लस. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही आमच्या आळीतल्या एकशे चाळीस कोंबड्यांना राणीखेतची लस टोचून घेणार आहोत. बाटली दोनशेची आहे, म्हणजे साठ कोंबड्यांची लस उरते. देवद, विचुंबे, आकुर्लीच्या मैत्रिणींनो, तुमच्या कोंबड्या शनिवारी रात्री डालून ठेवा आणि मोजून आकडा आम्हाला कळवा.